स्कूटरचा ब्रेक उधारीवर चालत नाही

कापड खरेदी करताना आपण ताग्याची घडी उलगडतो व उजेडाकडे धरतो. तार तुटली आहे काय, तेलाचा डाग आहे काय, पन्हा पुरता आहे काय, सगळे बघतो. एका डागावरून भाव पाडून मागतो. पण तोच माल ज्या स्कूटरवर लादून आपण बाजारात नेतो, तिच्या ब्रेककडे वर्ष वर्ष बघत नाही. ब्रेक अगदीच लागेनासा झाला म्हणजे मेकॅनिककडे जातो. तोपर्यंत 'चालतेय ना' एवढ्यावर समाधान मानतो.

ही चूक आम्ही स्वतः केली आहे, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

सन १९९६ च्या पावसाळ्यातील गोष्ट. मालेगावात आमचा कापडाचा व्यापार तेव्हा नवीन होता. जुनी गिअरची स्कूटर होती. मेकॅनिकने दोन वेळा सांगितले होते की, मागचे ब्रेक शू बदला, चाकाच्या सीलमधून तेल गळत आहे. आम्ही म्हणालो, पुढच्या शुक्रवारी बघू. असे तीन शुक्रवार गेले. एके दिवशी कापडाचा एक गठ्ठा मागे बांधला व दुसरा पायापाशी, फूटबोर्डावर ठेवला. त्या स्कूटरला मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबावा लागे. उतारावर समोर एक हातगाडीवाला आडवा आला. आम्ही पाय मारला तो पेडलवर नव्हे, गठ्ठ्यावर. गठ्ठा सरकून पेडलवर आला होता. पाय कसाबसा खाली घातला, तर तेलाने माखलेले शू ड्रमला धरीनात. घाबरून पुढचा ब्रेक एकदम दाबला, ओल्या रस्त्यावर चाक घसरले आणि स्कूटर त्या माणसावर गेली.

आम्हाला खरचटले. त्याचा हात मोडला. दवाखान्याचा खर्च आम्ही दिला, दोन महिन्यांची मजुरीही दिली. पण त्याचा हात पहिल्यासारखा झाला नाही. पुढे त्याने हातगाडी सोडली. शू आणि सील यांचा खर्च त्या काळी एका साडीच्या किमतीइतकासुद्धा नव्हता. हा हिशेब आम्ही आजवर विसरलो नाही.

ब्रेक काम कसे करतो?

ज्याला यंत्राची रीत कळते, त्याला मेकॅनिक फसवू शकत नाही. स्कूटरला दोन प्रकारचे ब्रेक असतात.

पहिला ड्रम ब्रेक. चाकाच्या मधोमध लोखंडी ड्रम असतो व तो चाकाबरोबर फिरतो. आत अर्धगोल आकाराचे दोन शू असतात व त्यांवर लायनिंग चिकटवलेले असते. आपण लिव्हर दाबली की तार ओढली जाते, तार बाहेरचा आर्म फिरवते, आर्ममुळे आतला कॅम फिरतो व दोन्ही शू पसरून ड्रमला घासतात. लायनिंग झिजत जाते, तसतशी लिव्हर जास्त दाबावी लागते.

दुसरा डिस्क ब्रेक. यात चाकाबरोबर पोलादी चकती फिरते. लिव्हर दाबली की नळीतील ब्रेक ऑइलचा दाब पिस्टनवर येतो आणि दोन पॅड चकतीला दोन्ही बाजूंनी पकडतात.

दोन्हींत घर्षणाने वेगाची उष्णता होते. वेग दुप्पट झाला तर ब्रेकला चौपट काम करावे लागते. ताशी ४० किलोमीटर वेगाने स्कूटर एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातोच. त्यानंतर चांगला ब्रेक आणि कोरडा रस्ता असेल तर आणखी सुमारे १२ मीटर लागतात. म्हणजे एकूण २३ मीटर. ताशी ६० च्या वेगाला हेच अंतर सुमारे ४५ मीटर होते. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. रस्ता ओला असेल, शू झिजलेले असतील, तर आणखी वाढते.

पुढच्या ब्रेकची भीती

आपल्याकडे जुने लोक शिकवत की पुढचा ब्रेक लावू नका, उलटून पडाल. हे अर्धेच खरे आहे. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो व मागचे चाक हलके होते. त्यामुळे थांबविण्याचे जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त मागचा ब्रेक लावणारा माणूस आपली निम्म्याहून अधिक ताकद वापरतच नाही. बरोबर रीत अशी की हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकाच वेळी लावावेत व दाब हळूहळू वाढवावा. वळणावर, वाळूवर किंवा चिखलात पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. आमची चूक तीच झाली होती.

याच कारणाने सरकारने एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सी.सी.पर्यंतच्या नव्या दुचाकींना जोड ब्रेक, म्हणजे सी.बी.एस. सक्तीचा केला. यात डाव्या हाताची लिव्हर दाबली की मागच्याबरोबर पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो. १२५ सी.सी.च्या वरच्या गाड्यांना ए.बी.एस. असते, ते चाक जाम होऊ देत नाही. सोय चांगली आहे, पण झिजलेल्या शूवर कोणतीही सोय चालत नाही.

शुक्रवारची तपासणी

मालेगावात यंत्रमागाला शुक्रवारी सुट्टी असते. त्या सकाळी दहा मिनिटे स्कूटरसाठी काढावीत. ज्यांच्या गावी दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल त्यांनी तो दिवस धरावा.

१. लिव्हरची ढील. बहुतेक ड्रम ब्रेकच्या स्कूटरमध्ये लिव्हरचे टोक १० ते २० मिलिमीटर मोकळे हलावे व मग ब्रेक धरू लागावा. जास्त हलत असेल तर ब्रेक ढिला आहे. अजिबात हलत नसेल तर शू सतत घासत आहेत. त्याने पेट्रोल जास्त जाते व ड्रम तापतो.

२. नट कसणे. मागच्या आर्मवर तारेच्या टोकाला नट असतो. तो अर्धा फेरा कसावा व पुन्हा ढील बघावी. नंतर स्कूटर मेन स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवावे. चाक मोकळे फिरले पाहिजे आणि लिव्हर दाबताच थांबले पाहिजे. सी.बी.एस. असलेल्या गाडीत दोन्ही ब्रेक एका लिव्हरला जोडलेले असतात, म्हणून तिथे कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच कसावे किंवा जाणकाराकडून करून घ्यावे.

३. झिजेची खूण. अनेक स्कूटरच्या ब्रेक आर्मवर बाण असतो व ड्रमच्या झाकणावर एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला भिडला म्हणजे शूचे आयुष्य संपले. मग नट कसत बसण्यात अर्थ नाही, शू बदलावेत. अनेक जण इथेच चुकतात. नट कसत राहतात व ब्रेक लागतो म्हणून खूश होतात. शेवटी धातूवर धातू घासतो आणि ड्रमही जातो.

४. तार. लिव्हरपाशी व आर्मपाशी तार नीट बघावी. सुताच्या दोऱ्याप्रमाणे तीसुद्धा अनेक बारीक तारांची वळलेली असते. एक बारीक तार तुटलेली दिसली की पूर्ण तार बदलावी. ती तुटते तेव्हा जोराने ब्रेक लावतानाच तुटते, म्हणजे नेमकी गरजेच्या वेळी.

५. डिस्क असल्यास. हँडलवरच्या डबीच्या काचेत ऑइल खालच्या रेषेच्या वर असावे. पातळी उतरली असेल तर पॅड झिजले आहेत किंवा कुठे गळती आहे. नुसते ऑइल भरून मोकळे होऊ नये, कारण शोधावे. डबीच्या झाकणावर लिहिलेलेच डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल घालावे. इंजिन ऑइल कदापि घालू नये, त्याने आतले रबर फुगते व ब्रेक निकामी होतो. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे. लिव्हर स्पंजासारखी मऊ लागली तर नळीत हवा शिरली असे समजावे व गाडी तिथेच थांबवावी.

६. टायर, दिवे. टायरवरील नक्षी गेली असेल तर उत्तम ब्रेकसुद्धा ओल्या रस्त्यावर कामाचा नाही. हवा थंड टायरमध्ये मोजावी. मागे माल किंवा माणूस असताना मागच्या चाकात किती हवा हवी, हे पुस्तिकेत वेगळे दिलेले असते. दोन्ही लिव्हर एकेक करून दाबाव्यात व मागचा लाल दिवा लागतो काय ते बघावे.

माल कसा लादावा?

व्यापाऱ्याच्या स्कूटरवर माल असणारच. पण मागे जड गठ्ठा बांधला की पुढचे चाक हलके होते, हँडल डुगडुगते व पुढच्या ब्रेकला पकड मिळत नाही. गठ्ठा सीटला चिकटून, शक्य तितका खाली व दोरीने घट्ट बांधावा. दोरीचे टोक लोंबकळत ठेवू नये, ते चाकात जाते. गिअरच्या जुन्या स्कूटरवर पायापाशी माल ठेवूच नये. ज्या नव्या स्कूटरना पायाचा ब्रेक नाही, तिथेही हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळते काय ते बघूनच निघावे. माल जास्त असेल तर रिक्षा करावी. भाडे वाचवून माणूस गमावणे हा धंदा नव्हे.

पाऊस आणि घाट

पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रममध्ये पाणी जाते व ब्रेक धरत नाही. अशा वेळी हळू चालवत ब्रेक हलके हलके लावावेत, उष्णतेने शू वाळतात. चांदवडकडे जाताना राहुड घाट लागतो. असल्या उतारावर पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. बिनगिअरच्या स्कूटरला इंजिनाचा आधी थोडाच आधार असतो, बंद केल्यावर तोही जातो. सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक सतत दाबून ठेवला की ड्रम तापतो व पकड कमी होत जाते. म्हणून इंजिन चालू ठेवावे, वेग आधीच कमी करावा व ब्रेक थोडा लावून सोडत उतरावे.

मेकॅनिककडे गेल्यावर

'नीम हकीम खतरा-ए-जान' ही म्हण इथेही लागू आहे. शू बदलताना समोर उभे राहावे व जुने शू मागून बघावेत. तेलाने भिजलेले असतील तर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू देऊ नयेत. लायनिंगमध्ये मुरलेले तेल तापल्यावर परत बाहेर येते. ज्या सीलमधून तेल आले ते आधी बदलावे, नाहीतर नवे शूही आठवड्यात भिजतील.

आपल्यातील अनेक तरुण गॅरेजचे काम करतात, त्यांनाही एक विनंती आहे. ड्रममधील धूळ हवेने किंवा फुंकर मारून उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, व त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. ओल्या फडक्याने पुसा व ते फडके वेगळे टाका.

मालकाची जबाबदारी

आता सर्वात महत्त्वाचे. आपली स्कूटर आपण कमी व दुकानातील मुले जास्त चालवतात. वसुली, नमुने पोचविणे, सूत आणणे, सगळी धावपळ त्यांचीच. ब्रेक खराब आहे हे मुलगा सांगतो, आपण 'या महिन्यात जमणार नाही' म्हणतो आणि त्याच ब्रेकवर त्याला पाठवतो. अपघात झाला तर जीव त्याचा जातो. कामावर असताना त्याच्या हातून कोणाला इजा झाली तर भरपाईचा दावा मालकावरही येतो. विनापरवाना माणसाच्या हाती गाडी देणे हा मालकाचाही गुन्हा आहे. २०१९ च्या सुधारित कायद्यानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून परवाना बघूनच चावी द्यावी, विम्याची तारीख वहीत लिहून ठेवावी व आय.एस.आय. शिक्क्याचे हेल्मेट दुकानातर्फे द्यावे.

आमच्या दुकानात आता एक छोटी वही आहे. शुक्रवारी स्कूटर तपासून मुलगा त्यात तारीख व खराबी लिहितो, आणि खराबी लिहिली असेल तर दुरुस्ती होईपर्यंत स्कूटर जागची हलत नाही. सुरुवातीला गिऱ्हाइकाचा माल एखादे वेळी उशिरा पोचला. एकही गिऱ्हाईक तुटले नाही.

दुकानात आपण पाटी लावतो, आज रोख उद्या उधार. ब्रेकच्या दुरुस्तीलाही हीच पाटी लावावी. आमचे तीन शुक्रवार उधार राहिले होते. त्याचे पैसे आम्ही भरले, पण हात दुसऱ्याचा गेला.