आई, मागचे दिवे बघ!

ज्यांच्या घरात बोटभर लांबीच्या खेळण्यातल्या गाड्यांनी ठाण मांडलंय, अशा सगळ्या आईबाबांशी आज थोडं बोलायचंय. सोफ्याच्या फटीत, कपाटाखाली, उशीखाली, कधी डब्याच्या पिशवीतसुद्धा या गाड्या सापडतात. त्यात कुठून तरी बातमी येते, "नवीन मॉडेल आलं!" पोराचा चेहरा उजळतो आणि आपला उतरतो.

"अजून एक? आहेत त्या ठेवायला जागा नाही." हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडात तयारच असतं. दिवसभराचं काम, प्रवासाची दमणूक, संध्याकाळी कुकर लावायची घाई. त्यात एका गाडीचे दीडदोनशे रुपये, आणि खरेदी एकीवर थांबत नाही हे आपल्याला अनुभवाने माहीत. तेव्हा असं तोंडून निघून जाणारच. मूल मात्र त्या क्षणी सगळ्यात आधी पैसे मागत नसतं. त्याला आपल्याला काहीतरी दाखवायचं असतं.

माझी लेक दहा वर्षांची आहे. दुकानात नवीन पाकीट हातात आलं की ती ते आडवं करते, उभं करते, प्लॅस्टिकला नाक लावून मागचे दिवे रंगवलेत का ते बघते. मग चाकं. मग आरसे आहेत की नुसते फुगवटे. घरी येऊन गाडी बाहेर काढली की तळाशी उठवलेली बारीक अक्षरं वाचते. हे सगळं होईपर्यंत एक शब्द बोलत नाही. मग एकदम निकाल लागतो, "पुढचे दिवे दिलेच नाहीत. पण आई, मागचे दिवे बघ!"

आपल्या मुलांचं अभ्यासात लक्ष नाही म्हणून आपण हळहळतो. इथे तेच मूल सात सेंटिमीटरच्या गाडीत आरसा शोधत असतं. हे निरखणं आपल्या नजरेतून निसटतं, कारण आपली नजर किमतीच्या चिठ्ठीवर असते.

गंमत म्हणजे जगभरचे पिकल्या केसांचे संग्राहकही नवं मॉडेल आलं की याच गोष्टी बोलतात. चाकं फार मोठी दिलीत. छताचा उतार अचूक पकडलाय. आणि ठरलेली तक्रार, "परत रिकलरच!" म्हणजे गाडी तीच, फक्त रंग नवा. मुलं हे शब्द कुठून तरी उचलतात आणि आपल्याला वाटतं, केवढी ही कुरकूर, मिळालंय त्यात समाधान म्हणून नाहीच.

अशा वेळी मुलाला कारण सांगून बघा. गाडीचा पोलादी साचा बनवायला फार पैसा लागतो, म्हणून एकच साचा वर्षानुवर्षं वापरतात आणि रंग, चाकं, छपाई बदलत राहतात. दिवे आणि पट्टे मऊ ठशाने उमटवतात, त्याला टॅम्पो म्हणतात. एक ठसा वाढला की खर्च वाढला. म्हणून स्वस्त मालिकेत ठसे मोजूनमापून असतात आणि बिचारे पुढचे दिवे बऱ्याचदा तसेच राहतात. हे कळल्यावर आमच्या लेकीने कंपासमधलं चंदेरी पेन काढलं आणि जीभ बाहेर काढून दोन दिवे स्वतः रंगवले. एक जरा बाहेर गेलाय. ती गाडी आता तिची सगळ्यात लाडकी आहे.

तिची आणखी एक तक्रार होती. बस आणि छोटी कार एकाच लांबीची कशी? प्रश्न अगदी रास्त होता. या गाड्या साधारण एकास चौसष्ट प्रमाणात म्हटल्या जातात, पण पाकिटात आणि ट्रॅकवर बसायला हव्यात म्हणून मोठं वाहन जास्त आखडतात आणि छोटं कमी. मग मोजपट्टी आली. आपल्या सोसायटीत उभी असलेली चार मीटरची गाडी चौसष्टपट लहान केली तर सव्वासहा सेंटिमीटरची होते. एका रविवारी ती आणि तिचा बाबा पार्किंगमध्ये शिवणकामाची टेप घेऊन उकिडवे बसले होते. भागाकाराचा कंटाळा करणारी हीच मुलगी, बरं का.

मुलांना या गाड्यांच्या गोष्टीही फार आवडतात. हॉट व्हील्सची सुरुवात १९६८ साली १६ गाड्यांनी झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी एक फोक्सवॅगन व्हॅन करायला घेतली. तिच्या मागच्या खिडकीतून लाटांवर घसरायच्या फळ्या बाहेर आलेल्या होत्या. दिसायला सुंदर, पण अंगाने अरुंद आणि वरून जड, त्यामुळे ट्रॅकवर नीट पळेना. मग तिचं अंग रुंद केलं आणि फळ्या दोन्ही कुशींना बसवल्या. आधीचे जे थोडे नमुने उरले, ते आज संग्राहकांच्या जगात सगळ्यात महागड्या गाड्यांमध्ये गणले जातात. जे नीट जमलं नाही त्यालाच एवढं मोल! आमच्या लेकीने ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावली.

मला स्वतःला मॅचबॉक्सची गोष्ट जवळची वाटते. लंडनच्या लेस्नी कंपनीतले जॅक ओडेल. त्यांच्या मुलीच्या शाळेत नियम होता, काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. बाबांनी तिला पितळेचा चिमुकला रोडरोलर करून दिला. तो पोरांना इतका आवडला की त्यातून १९५३ साली मॅचबॉक्सची मालिका सुरू झाली. शाळेचा नियम बदलणं त्या बापाच्या हातात नव्हतं. पण मुलगी काय सांगतेय ते त्याने ऐकलं आणि त्या नियमात मावेल असं काही शोधलं.

आता अवघड भागाकडे येते.

नवं मॉडेल आलं की ते मिळतंच असं नाही. दुकानातल्या हुकांवर जुन्याच गाड्या लटकत असतात. दहा मिनिटांत किराणा आणून देणाऱ्या ॲपवर गाडी दिसते, आपण पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हाताने बटण दाबतो, तोवर 'संपलं' अशी पाटी झळकते. मूल शेजारी उभं असतं. डोळे भरून येतात. आणि आपण म्हणतो, "गाडीच तर होती, एवढं काय रडायचं?"

आपला हेतू त्याला सावरण्याचाच असतो. पण कितीतरी दिवस जिचा फोटो बघितला, जिची जागा कपाटात ठरवून ठेवली, ती हातातून गेली, हे दुःख त्याच्या वयाला पुरेसं मोठं आहे. मी अलीकडे गॅस बारीक करते आणि विचारते, "काय आवडलं होतं गं तिच्यात?" मग ती सांगत सुटते. निळा रंग, मागचा पंख, दारावरचा आकडा. सांगता सांगता रडणं आपोआप ओसरतं. दरवेळी नाही, पण बऱ्याचदा.

थोड्या मोठ्या मुलांना हेही सांगायला हवं की काही गाड्या कंपनी मुद्दामच कमी काढते. हॉट व्हील्सच्या 'ट्रेझर हंट' गाड्या १९९५पासून निघतात. त्यांच्यावर ज्वाळेचं एक गोल चिन्ह असतं. २००७पासून त्यातही वरचढ 'सुपर' आल्या, रबरी टायरच्या आणि झळाळत्या रंगाच्या. दुकानात येणाऱ्या खोक्यात ७२ गाड्या असतात, त्यात अशी एखादी निघाली तर निघाली. तेव्हा ती मिळाली नाही यात मुलाचं काही चुकलेलं नसतं, आणि आपलंही नाही. मुलाला हे ठाऊक असलं की शोधण्यातली मजा राहते आणि हरल्याची बोच जरा कमी होते.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हल्ली मुलांच्या तोंडी भाव येतात. "ही आत्ता घेतली तर पुढे हजाराला जाईल." आठ-नऊ वर्षांचं मूल गाडीकडे असं बघायला लागलं की माझ्या पोटात कालवतं. हे ते आपल्याकडूनच शिकतं, मोठ्या माणसांकडून. दुकान उघडायच्या आधी दारात उभं राहून अख्खा हुक रिकामा करणारी आणि दुपटीने विकणारी मोठी माणसं मुलं बघतात. अशा कुणाकडून चढ्या भावाने गाडी घ्यायचा मोह आपल्यालाही होतो, कारण मुलाचा पडलेला चेहरा बघवत नाही. मी तरी ते टाळायचं ठरवलंय. आपण एकदा तसं घेतलं की त्या गाडीची किंमत घरात कायमची बोलली जाते आणि गाडी मागे पडते.

आपलं मूल हव्यासाच्या मागे तर लागत नाही ना, ही भीती सगळ्यांनाच असते. मी एक खूण धरून चालते. स्वतःकडच्या गाड्यांबद्दल ती अजून रंगून बोलते का? बोलत असेल तर मी निश्चिंत असते. फक्त न मिळालेल्या गाड्यांबद्दलच बोलायला लागली, तर काही दिवस खरेदी थांबवून जुना डबा जमिनीवर ओतायची वेळ आली असं समजावं. डबा ओतला की विसरलेल्या गाड्या नव्याने भेटतात.

आणि पाकीट फोडायचं की नाही? यावर मोठे संग्राहक तासन्‌तास वाद घालतात. न फोडलेल्या गाडीला भाव येतो, हे खरं. पण मुलाची गाडी मुलाने फोडावी, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. ते प्लॅस्टिक टरकावण्याचा आवाज, पहिल्यांदा फरशीवर ढकलून ती किती लांब जाते ते बघणं, हा त्याचा हक्क आहे. घरात बाबांना किंवा आईलाच नाद असेल तर त्यांनी आपल्या गाड्या खुशाल वरच्या फळीवर पाकिटात ठेवाव्यात. फक्त "तुझी फोडू नकोस, पुढे उपयोगी पडेल" असं म्हणून मुलाची गाडी आपल्या फळीवर नेऊ नये. हे अनेक प्रेमळ घरांत घडतं, म्हणून सांगितलं.

जपानमधल्या टोमिका गाड्यांची एक पद्धत मला आवडते. १९७०पासूनची ही मालिका, आणि तिच्या नव्या गाड्या दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी दुकानात येतात. दिवस ठरलेला, त्यामुळे मुलांना वाट बघता येते. आपल्याकडे माल कधी येईल याचा भरवसा नसतो, पण आपल्या घराचा दिवस ठरवायला काय हरकत आहे? आम्ही महिन्यातला एक शनिवार ठरवलाय. त्या दिवशी दुकानात जायचं, हवा तेवढा वेळ बघायचं, आवडली तर एक गाडी घ्यायची. बाकी दिवस ॲप बघायचं नाही, मीसुद्धा. रोजचं "आई, आली का बघ ना" बंद झालं आणि घरातला ताण खरंच उतरला.

मधल्या दिवसांसाठी तिने एक वही केलीय. गाडीचं नाव, चित्र आणि तिचा अभिप्राय. गेल्या वेळी दुकानात बराच वेळ हातात धरून तिने एक ट्रक परत हुकाला लावला. वहीत त्याच्यापुढे लिहिलंय, "रंग छान. दार उघडत नाही. चाकं ट्रकची वाटत नाहीत. घेतला नाही, पण ठेवताना वाईट वाटलं." पुढच्या शनिवारी तो तिथेच असेल का, हे ती मला अधूनमधून विचारते. असला तर पुन्हा हातात घेऊन बघू, असं आमचं ठरलंय.