नाडीचे चढउतार

अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही १९१४ साली स्थापन झालेली संस्था आहे. तेथील मैदानावर धावून आलेल्या मुलाने मनगटावर बोट ठेवले, तर नाडी जलद लागते. विसाव्यानंतर ती संथ होते. हे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु स्वस्थ बसलेल्या मनुष्याची नाडीदेखील लंबकासारखी एकसारखी चालत नाही, हे थोड्यांनाच ठाऊक असते. श्वास घेताना ती किंचित जलद होते, सोडताना मंद होते.

असे का व्हावे? अकोल्याच्या वाटेने कापसाची गाडी हाकणाऱ्या गाडीवानाच्या एका हाती पराणी व दुसऱ्या हाती कासरा असतो. हृदयासही असेच दोन प्रकारचे मज्जातंतू हाकीत असतात. एक त्यास दौडवितो, दुसरा आवरून धरतो. दोन्ही जागरूक असले म्हणजे दोन ठोक्यांमधील अंतर क्षणोक्षणी बदलत राहते.

हृदयाचे बळ घटले, की रक्त पुरेसे पोचावे म्हणून शरीर पराणी सतत टोचीत राहते आणि कासरा सैल पडतो. मग चढउतार लोपतात, नाडी एकसुरी होते. पाहणाऱ्यास ती शिस्तीची वाटेल. डॉक्टरांना मात्र ती चिंतेची खूण वाटते. ब्रिटनमधील अशा ४३३ रुग्णांची पाहणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या ठोक्यांतील फरकाचे मान ५० सहस्रांश सेकंदांहून कमी होते, त्यांच्यात वर्षाकाठी मृत्यूचे प्रमाण शेकडा ५१.४ होते, ज्यांचे मान १०० हून अधिक, त्यांच्यात ते केवळ ५.५ होते.

हे मान काढण्यासाठी रुग्णाच्या अंगावर एक लहानसे यंत्र चोवीस तास बांधतात. मिनिटास ७० ठोके धरले, तरी दिवसाचे १,००,८०० ठोके होतात! त्यांमधील प्रत्येक अंतर मोजून, ती अंतरे सरासरीपासून किती विखुरली आहेत हे गणिताने ठरवितात. येथे फार सावधगिरी हवी. दुर्बल हृदयात मधूनच एखादा ठोका अवेळी पडतो. तो वगळला नाही, तर खोटाच चढउतार दिसून दुखणाईत मनुष्य धडधाकट ठरावयाचा. काहींच्या हृदयाचे वरचे कप्पे सदा थरथरत असतात. त्यांना ही रीत लागूच पडत नाही.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही हे चढउतार तपासणारे यंत्र तयार झाले. अर्थात डॉक्टर केवळ या आकड्यावर विसंबत नाहीत. पायांची सूज, चालताना लागणारी धाप हेही पाहतात. पराणीचा मारा कमी करणारी औषधे आता मिळतात. ती नियमाने घेणाऱ्या पुष्कळ रुग्णांच्या नाडीत हरवलेले चढउतार काही अंशी परत येतात.