पाद्रीबाबांचे जावई

प्रश्न : ‘जंगल बुक’वाला रुडयार्ड किपलिंग आणि इंग्लंडचे पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन हे सख्खे मावसभाऊ होते, असे वाचले. त्यांचे आजोबा म्हणे मिशनरी पाद्री होते. पाद्र्याला मुलेबाळे कशी? आणि एका पाद्र्याच्या घरात एवढ्या बड्या सोयरिकी जुळल्या तरी कशा? – एक वाचक, कल्याण

उत्तर : नाते अगदी खरे आहे. आधी तुमच्या दोन शंका दूर करू. अविवाहित राहण्याचे बंधन रोमन कॅथलिक पाद्र्यांना असते. हे आजोबा मेथडिस्ट. मेथडिस्ट हा प्रॉटेस्टंट पंथ, त्याचे पाद्री संसारी. दुसरे, हे आजोबा, म्हणजे रेव्हरंड जॉर्ज ब्राउन मॅक्डॉनल्ड (१८०५–१८६८), परदेशात धर्मप्रचार करणारे मिशनरी नव्हते. त्यांची सारी हयात इंग्लंडमधल्या गावांत प्रवचने देण्यात गेली. त्यांचे वडील जेम्स हेही मेथडिस्ट पाद्रीच. घराणे मूळचे स्कॉटलंडचे, तिथून आयर्लंडला गेलेले. जेम्स तर पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या हयातीतच प्रचारक झाले होते.

जॉर्ज यांची पत्नी हॅना मँचेस्टरच्या एका किराणा व्यापाऱ्याची मुलगी. तिला अकरा मुले झाली, त्यांतली काही लहानपणीच गेली. घरात पैसा बेताचाच, पुस्तके मात्र भरपूर. ज्या चार मुलींचे पुढे नाव झाले त्या अ‍ॅलिस, जॉर्जियाना, अ‍ॅग्नेस आणि लुईसा.

आता सोयरिकींचे कोडे. मुली देखण्या आणि हजरजबाबी होत्या, म्हणून मोठी माणसे भुलली, असे सहसा सांगतात. त्यात तथ्य आहे, पण हजरजबाबी मुली खेडोपाडीही असतात. फरक पाडला तो बदल्यांनी. मेथडिस्ट पाद्र्याला एका ठिकाणी तीन वर्षांहून जास्त ठेवायचे नाही, असा त्या काळी नियम होता. त्यामुळे मामलेदाराच्या बिऱ्हाडासारखे हे कुटुंब शहरामागून शहर बदलत राहिले, आणि दर बदलीगणिक ओळखी वाढत गेल्या.

बदली बर्मिंगहॅमला झाली, तेव्हा थोरला मुलगा हॅरी तिथल्या किंग एडवर्ड शाळेत जाऊ लागला. त्याच शाळेत एडवर्ड बर्न-जोन्स होता, पुढे नामवंत चित्रकार झालेला. मित्राच्या घरी येता-जाता त्याला जॉर्जियाना भेटली. १८६० मध्ये त्यांचे लग्न झाले. एक चित्रकार जावई झाला की त्याच्या मित्रमंडळींची ये-जा सुरू होतेच. एडवर्ड पॉयंटर या चित्रकाराशी अ‍ॅग्नेसचे लग्न झाले. हे गृहस्थ पुढे रॉयल अकॅडमीचे अध्यक्ष झाले. त्याच दिवशी, त्याच मांडवात, लुईसाने लोखंडाचे कारखानदार आल्फ्रेड बाल्डविन यांच्याशी लग्न केले. तारीख ९ ऑगस्ट १८६६, गाव वुल्व्हरहॅम्प्टन, अर्थातच वडिलांच्या बदलीचे.

अ‍ॅलिसची गोष्ट आपल्याला जवळची. धाकटा भाऊ फ्रेडरिक स्वतः पाद्री होऊन बर्सलेमला गेला. चिनी मातीच्या भांड्यांचे हे गाव. तिथल्या कारखान्यात काम केलेला जॉन लॉकवुड किपलिंग त्याच्या ओळखीचा झाला. त्याच्यामुळे रुडयार्ड नावाच्या तलावाकाठच्या सहलीत लॉकवुड आणि अ‍ॅलिस भेटले, आणि १८६५ मध्ये लग्न करून दोघे थेट मुंबईला आले. लॉकवुडला जे. जे. कलाशाळेत शिल्पकला शिकवण्याची नोकरी होती. त्याच वर्षी ३० डिसेंबरला मुलगा झाला. त्याला नाव ठेवले त्या तलावाचे! क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या, प्रवेशद्वारांवरची उठावशिल्पे लॉकवुडचीच.

गंमत अशी की लॉकवुडचे वडीलही मेथडिस्ट पाद्रीच होते, म्हणजे रुडयार्डचे दोन्ही आजोबा एकाच पंथाचे सेवक. बाल्डविनांकडेही तेच. आल्फ्रेडच्या आईचे वडील जेकब स्टॅन्ली मेथडिस्ट पुढारी. पंतप्रधानांचे ‘स्टॅन्ली’ हे नाव त्यांच्याच आडनावावरून आले. तेव्हा ‘बडी स्थळे’ हा शब्द जरा जपून वापरावा. लग्ने झाली तेव्हा जावयांपैकी तिघे पोटापाण्याच्या धडपडीत होते. मोठेपण मागाहून आले : रुडयार्डला १९०७ चे नोबेल, तर बाल्डविन १९२३ पासून तीनदा पंतप्रधान.

मुलींना वडिलांच्या पंथाचे फारसे कौतुक नव्हते. घरात वेस्लींच्या केसांची बट भक्तिभावाने जपलेली होती. आवराआवरीत ती हाती लागताच अ‍ॅलिसने एक खोचक कोटी करून सरळ चुलाण्यात टाकली, असे सांगतात. वडील-आजोबांचा पाद्रीपणा टिकवला तो फक्त फ्रेडरिकने. १८९९ मध्ये तो वेस्लीयन कॉन्फरन्सचा अध्यक्ष झाला, म्हणजे पंथातल्या सर्वोच्च पदावर पोचला. आणि भाच्यांच्या कीर्तीपुढे आज त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही.