शांततेने व विनाशस्त्र

राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी भारतीय संविधानातील अनुच्छेद १९ फळ्यावर लिहून दिला. भाषण, संघटना, संचार अशी ओळीने आलेली स्वातंत्र्ये परीक्षेसाठी पाठ करता करता दुसऱ्या क्रमांकावर माझे बोट अडले. तेथे नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे, पण तो ‘शांततेने व विनाशस्त्र’ जमण्याचा आहे. वाजवी निर्बंधांची पोटकलमे इतर स्वातंत्र्यांप्रमाणे याही हक्काला पुढे जोडलेली आहेतच. परंतु या एका हक्काच्या पोटातच आणखी एक अट आहे. शस्त्र घरी ठेवले तरच जमण्याचा हक्क सुरू होतो, असा त्याचा सरळ अर्थ.

मी हात वर करून विचारले, “सर, परवाना असलेला माणूस मिरवणुकीत पिस्तूल घेऊन आला तर?” सर म्हणाले, “वाचून ये आणि वर्गाला सांग.” प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशेब होय. मात्र हा प्रश्न मला का पडला, ते आधी सांगितले पाहिजे.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, बँडपथकात ट्रम्पेट वाजवतात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. (वर्तमानपत्रांत ‘सुपारी’ हा शब्द भलत्याच अर्थाने येतो, आमच्या घरी तो अजून वरातीच्या ठरावापुरताच आहे.) मी अकरावीत असताना लगीनसराईत दिवे धरायला त्यांच्याबरोबर जात असे. हवेली तालुक्यातील एका गावी वरात देवळापाशी आली असता पाहुण्यांपैकी एका गृहस्थाने सदरा वर केला, कमरेचे पिस्तूल काढले आणि हवेत दोन बार काढले. ते अण्णांच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर उभे होते. बँड थांबला नाही. पुष्कळांना तो फटाकाच वाटला. रस्त्यावर पडलेली काडतुसाची पुंगळी एका लहान मुलाने उचलली, ओठांना लावली आणि शिट्टी वाजते का ते पाहिले.

अण्णांचा कान चार दिवस वाजत होता. तक्रार कोणी केली नाही. आमचे अर्धे पैसे यायचे होते. “परवाना असेल त्याच्याकडे,” एवढेच अण्णा म्हणाले, आणि तो विषय तेथे संपला. तेव्हा मलाही वाटले, की परवाना असेल तर आपण कोण बोलणार?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्यावाचून अग्निशस्त्र बाळगता येत नाही आणि २१ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज सर्वसाधारण परवाना मिळत नाही. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मला मत देता येते, पण पिस्तुलाचा अर्ज करायला अजून दोन वर्षे थांबावे लागेल. ही सोय मला मान्य आहे. परवाना मिळाला म्हणजे वाटेल तेथे शस्त्र नेण्याची मुभा मिळाली, असेही नाही. १९६२ च्या शस्त्र नियमांनुसार जो परवाना मिळे, त्याच्या अटींतच लिहिलेले असे की खास परवानगी नसेल तर हे शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, अन्य सार्वजनिक मेळाव्यात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात नेऊ नये. या नियमांची जागा पुढे २०१६ च्या नियमांनी घेतली. त्यांतील नियम ३२ सांगतो, की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे तर ते अंगाला बांधलेल्या म्यानात अथवा पिशवीत, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. लग्न, जत्रा, मिरवणूक वा सार्वजनिक समारंभ यांत ते परजणे किंवा झाडणे यास सक्त मनाई आहे. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाप्रीत्यर्थ गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तेव्हा ‘परवाना असेल’ हे अण्णांचे उत्तर त्या वरातीला मुळीच लागू नव्हते. परवाना होता की नव्हता, तरी ते कृत्य चूकच होते.

‘पूर्णपणे झाकलेले’ हे शब्द वाचून मी प्रथम गोंधळलो. लपवलेले शस्त्र अधिक भयंकर, अशी आपली साधी समजूत असते. कायद्याचा हेतू मात्र वेगळा दिसतो. उघडे पिस्तूल पाहून समोरचा माणूस दबतो, भाजीवाला भावावर हुज्जत घालत नाही, बँडवाला उरलेले पैसे मागत नाही. झाकल्याने ती दहशत टळते. पण त्याचबरोबर शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काही कळेनासेही होते. गर्दीत ही अडचण मोठी होते, कारण झाकलेले पिस्तूल बाहेर येईपर्यंत ना पोलिसांना दिसते ना शेजाऱ्याला.

आपल्या पुण्याच्या इतिहासाने हे तीन वेळा पाहिले आहे. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या बंगल्यात (आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत) होता. रोषणाई पाहायला मोठी गर्दी लोटली होती. चापेकर बंधू तलवारी आणि पिस्तुले अशी दोन्ही शस्त्रे घेऊन तेथे गेले होते. परंतु तलवार घेऊन गर्दीत संशय न येता वावरणे अशक्य, म्हणून त्यांनी तलवारी एका दगडी मोरीखाली ठेवल्या आणि पिस्तुले तेवढी जवळ ठेवली. समारंभाहून परतताना रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चापेकरांच्या बलिदानाविषयी शाळेपासून ऐकत आलो आहे. मोरीखालच्या तलवारींची गोष्ट मात्र मला या अभ्यासातच कळली, आणि पिस्तूल हे गर्दीचे शस्त्र का, याचे उत्तर तिच्यातच मिळाले.

दुसरा प्रसंग आपल्यासारख्या विद्यार्थ्याचा आहे. २२ जुलै १९३१ रोजी मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर हॉटसन फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वाडिया ग्रंथालयात आले असता वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर पिस्तूल झाडले. सोलापूरच्या लष्करी कायद्याच्या काळातील अत्याचारांचा तो सूड होता. हॉटसन बचावले.

तिसरा प्रसंग दिल्लीत घडला, पण त्याचा धागा पुण्याचाच आहे. २० जानेवारी १९४८ ला बिर्ला भवनात प्रार्थनासभेच्या वेळी स्फोट झाला. त्यानंतर सभेला येणाऱ्यांची झडती घ्यावी, असे पोलिसांनी सुचवले. प्रार्थनेला येणाऱ्याची झडती गांधीजींना मान्य झाली नाही. पुण्यात वृत्तपत्र चालवणारा नथुराम गोडसे ३० जानेवारीला गर्दीतून पुढे आला, तेव्हा त्याच्याकडील पिस्तूल कोणीही पाहिलेले नव्हते.

या तीन घटना एका तराजूत तोलाव्यात, असे मी मुळीच म्हणत नाही. पहिल्या दोन्ही वेळी राज्य परक्याचे होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपीय माणसाला सूट दिली. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने त्या कायद्यात बदल मागितला तो याच अपमानापोटी. शस्त्रबंदी तेव्हा वरून लादलेली होती. संविधानातील ‘विनाशस्त्र’ हा शब्द मात्र आपल्याच लोकांनी आपल्यासाठी लिहिला आहे, आणि त्यात गोरा-काळा, परवानेवाला-बिनपरवानेवाला असा भेद नाही. माझ्या मते हा फरक महत्त्वाचा आहे. वर्गात एका मित्राने चापेकरांचे नाव घेऊन मला अडवले होते, त्याला माझे हेच उत्तर आहे.

अमेरिकेत गाडी उलट दिशेने धावते. तेथे शस्त्र बाळगणे हाच घटनादत्त हक्क, आणि ते कोठे नेऊ नये एवढेच राज्यांना ठरवायचे. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याची, पिस्तूल जवळ बाळगण्यासाठी खास कारण दाखवण्याची अट रद्द केली. राज्याने मग टाइम्स स्क्वेअरसारखी गर्दीची स्थळे व निदर्शने यांची वर्ज्य यादी केली. इलिनॉय राज्यात परवानगी घेऊन भरवलेल्या सार्वजनिक समारंभात लपवलेले पिस्तूल नेण्यास आधीपासूनच बंदी होती. तरीही ४ जुलै २०२२ रोजी तेथील हायलँड पार्क गावी स्वातंत्र्यदिनाच्या संचलनावर एकाने छतावरून रायफलने गोळ्या झाडल्या आणि सात माणसे मेली. संचलनात कोणी काय आणावे, याचा नियम छतावरच्या माणसाला अडवू शकला नाही.

आपल्याकडे सणासुदीच्या सुमारास महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ (१) खाली मनाई आदेश निघतात. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली ती बातमी आपण वाचत नाही. त्या कलमात शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुरे, काठ्या असे एकेक नाव घेतले आहे. यांपैकी बहुतेक वस्तू दुरून दिसणाऱ्या आहेत, ही गंमत पाहा. पिस्तुलाचे वेगळे नाव नाही. ते ‘शस्त्रे’ या शब्दात येते. आदेश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि न्यायालयाने कारण नमूद केल्याखेरीज ती चार महिन्यांहून कमी करता येत नाही. कायदा मवाळ आहे, असे कोणी म्हणू नये. पण अनंत चतुर्दशीला मंडईच्या टिळक पुतळ्यापासून लक्ष्मी रस्त्याने जी मिरवणूक चोवीस तासांहून अधिक काळ चालते, तिच्यात कोणाकोणाच्या सदऱ्याखाली हात घालणार? आणि घालावा काय? गांधीजींनी नकार दिला तो झडतीच्या याच प्रश्नावर. त्याची किंमत फार मोठी पडली, तरीही प्रत्येक भाविकाला संशयित मानणारी मिरवणूक मला नको आहे. माझे मत एवढेच, की जेथे पिस्तूल बाहेर निघाले तेथे शेजारच्याने पोलिसांना सांगितलेच पाहिजे. हे लिहिताना आमचे अर्धे पैसे मला आठवतात, आणि वाक्य लिहायला जितके सोपे गेले तितके ते सोपे नाही, हेही समजते.

लेख पुरा झाल्यावर तो अण्णांना वाचून दाखवला. कलमे त्यांनी मान हलवत ऐकली. मग म्हणाले, “आम्ही वरातीत नाचणाऱ्याचे पाय बघत नाही रे, हात बघतो. हात सदऱ्याखाली गेला की सूर सोडायचा आणि बाजूला व्हायचं.”

“मग त्या दिवशी तुम्ही बाजूला का नाही झालात?”

“डोळे मिटून वाजवत होतो,” अण्णा म्हणाले. “सूर चांगला लागला होता.”