झोप मारता येत नाही, भाऊ

रावेर-सावदा पट्ट्यात केळीची कापणी जोरात सुरू झाली की माझ्या दवाखान्यातली ड्रायव्हर मंडळींची गर्दी वाढते. कुणाची कंबर धरलेली, कुणाला मूळव्याध, कुणाला लघवीची जळजळ (तासन्‌तास दाबून धरली की दुसरं काय होणार), कुणाची शुगर तीनशेच्या घरात. तक्रार कुठलीही असो, बीपी मोजता मोजता मी एक प्रश्न विचारतोच: "शेवटचं नीट झोपलात कधी?" त्यावर तंबाखूचा बार गालातल्या गालात सरकवत जे उत्तर मिळतं, तेही ठरलेलं: "साहेब, आपल्याला झोप मारायची सवय आहे."

या एका वाक्याशी माझं भांडण आहे. कमी जेवायची सवय होते, उन्हाची होते, खड्ड्यांची तर आपल्या सगळ्यांनाच झाली आहे. कमी झोपेची सवय शरीराला होत नाही. होतं एवढंच की थोड्या दिवसांनी आपण किती पेंगुळलोय हे आपल्याला कळेनासं होतं. हात मंदावलेले असतात, ब्रेकवर पाय उशिरा पडत असतो, आणि माणूस छातीठोकपणे सांगत असतो की मी फ्रेश आहे. चार-पाच तास झोपून आठवडा काढलेल्या माणसाला "झोप येतेय का?" असं विचारणं म्हणूनच निरुपयोगी. त्याला खरंच वाटत असतं की नाही येत.

मग एखाद्या पहाटे मेंदू परवानगी न घेता काही सेकंदांसाठी बंद पडतो. डोळे कधी मिटतात, कधी उघडेच राहतात, पण समोरचं दिसत नाही. ताशी 60 किलोमीटरने चाललेली गाडी 4 सेकंदांत 65 मीटरच्या पुढे जाते. भरलेला ट्रक, पुढे ऊस वाहणारा बिनलाइटचा ट्रॅक्टर, आणि स्टिअरिंगवर कुणी नाही. अशा अपघातात रस्त्यावर ब्रेक लागल्याच्या खुणा बहुतेक वेळा सापडत नाहीत, कारण ब्रेक मारायला जागं कोण होतं?

ड्रायव्हर लोकांचा हिशेब गाडी सुरू केल्यापासूनचा असतो. "आत्ता तर निघालो, दोनच तास झालेत." माझा हिशेब उठल्यापासूनचा. केळीच्या गाडीचंच घ्या. ड्रायव्हर पहाटे पाचला उठून बागेवर जातो. कापणी होते, वजन होतं, पाला अंथरून माल लागतो, ताडपत्री-दोर होतात, बिल्टी हातात पडते. यात दिवस मावळतो. या वेळात तो गाडी चालवत नाही हे खरं, पण झोपतही नाही. गाडीभोवती फिरतो, फोनवर बोलतो, 42-43 अंशांच्या उन्हात केबिनमध्ये घामाघूम पडून राहतो. रात्री आठला निघाला आणि दहाला बऱ्हाणपूरच्या पुढे असला, तर त्याला जागून 17 तास झालेले असतात. पुढे दिल्लीपर्यंतचा हजारेक किलोमीटरचा रस्ता बाकी असतो.

सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचा हात, नजर आणि निर्णय यांची चाचणी घेतली, तर रक्तात 100 मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसासारखे निकाल येतात, हे अभ्यासांतून दिसलं आहे. 24 तास जागा असेल तर साधारण 100 मिलिग्रॅमसारखे. आपल्या कायद्यात गाडी चालवताना मर्यादा आहे 30 मिलिग्रॅमची. म्हणजे जो गडी अभिमानाने सांगतो की मी थेंबालाही शिवत नाही, तोही रात्री दहाला बेवड्यासारखाच गाडी हाकत असतो. पोलिसाच्या यंत्रात फुंकलं तर काही उमटत नाही, एवढाच फरक.

आता उपायांकडे येऊ, कारण उपायांचं भांडार प्रत्येकाकडे असतं. तोंडावर गार पाणी, काच खाली, गाणी मोठ्याने. या तिन्हींचा असर टिकतो फार तर पंधरा मिनिटं, आणि तेवढ्यात माणसाला भलताच आत्मविश्वास येतो. डोळ्यांखाली बाम चोळणारेही आहेत. पाण्याने भरलेल्या, चुरचुरणाऱ्या डोळ्यांनी रात्री समोरच्याचा अप्पर कसा झेपतो, हे त्यांनी मला एकदा समजावून सांगावं. गुटखा राज्यात 2012 पासून बंद आहे, तरी तो कुठे मिळतो हे मला विचारण्यापेक्षा पेशंटला विचारलेलं बरं. गुटख्याने झोप जात नाही, तोंड मात्र उघडेनासं होतं. दोन बोटंही तोंडात न जाणारे पस्तिशीतले ड्रायव्हर माझ्या खुर्चीत बसून गेलेत.

चहाला मी नावं ठेवणार नाही. चहा-कॉफीतलं कॅफिन खरोखर काम करतं, पण त्याला चढायला वीस ते तीस मिनिटं लागतात. आपण काय करतो, ढाब्यावर कटिंग मारतो आणि तरतरी आली असं समजून लगेच गाडी काढतो. उलट करा. चहा घ्या, मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर लावा आणि लगेच आडवे व्हा. उठाल तेव्हा डुलकीही झालेली असेल आणि चहाही चढलेला. उठल्यावर पाच-दहा मिनिटं पाय मोकळे करा, टायर ठोकून बघा, मगच स्टार्टर मारा. एवढ्याने दीड-दोन तास निभावतात. रात्र निभत नाही.

आणि गोळ्या. काही ढाब्यांवर, काही मेडिकलवाल्यांकडे काउंटरखालून "जागरणाची गोळी" मिळते. पुडीवर नाव नसतं, आत काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. कुणी अफूचा डोडा उकळून पितो, कुणी दुखण्यावरची नशा आणणारी गोळी घेतो. मग रात्रभर तारवटलेले डोळे, धडधडणारी छाती आणि गोळीचा असर उतरला की दगडासारखी कोसळणारी झोप, तीही नेमकी पहाटे घाटात. गाडीवरून उतरल्यावर झोप येत नाही म्हणून क्वार्टर. हे चक्र सुरू झालेल्या माणसाला मी रागावत नाही, त्याला मदत लागते. गोळी विकणाऱ्याला मात्र माझ्याकडे शिव्यांखेरीज काही नाही. सर्दी-खाजेच्या साध्या गोळ्याही जपून घ्या. सेटिरिझिन, क्लोरफेनिरामिन यांनी झोप येते. मेडिकलवाल्याला आधी सांगा, मी ड्रायव्हर आहे. कमी झोप आणणाऱ्या गोळ्याही मिळतात.

आता एका गड्याची गोष्ट सांगतो, कारण नुसत्या झोपेच्या तासांनी सगळं सुटत नाही. वय पंचेचाळिशीच्या आसपास, देह दणकट, पोट पुढे. बीपीच्या तीन गोळ्या चालू, तरी वरचा आकडा 160 च्या खाली येत नव्हता. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रात्रीत तीन-चारदा लघवीला उठणं. मी झोपेचं विचारलं तर छाती फुगवून म्हणाला, "झोप एकदम पक्की, डॉक्टरसाहेब. ढाब्यावर खाट टाकली की दोन मिनिटांत घोरायला लागतो." बायको सोबत होती. ती हळूच म्हणाली, "घोरतात ते घोरतात, मधेच एकदम गप्प होतात. मला वाटतं गेले की काय. मग हिसका बसून श्वास घेतात." किन्नर (क्लीनर) म्हणून सोबत जाणारा पुतण्या दाराशी उभा होता. त्याला बाहेर नेऊन विचारलं तेव्हा कळलं की लळिंगच्या घाटात काकांनी गाडी दोनदा उजवीकडे सोडली होती आणि दोन्ही वेळा त्याने हात घालून स्टिअरिंग फिरवलं होतं. काकांना हे मान्यच नव्हतं.

घोरणं म्हणजे गाढ झोप, हा आपल्याकडचा सगळ्यात चिवट गैरसमज. जोराने घोरणाऱ्या अनेकांचा घसा झोपेत मिटतो, हवा अडते, रक्तातला प्राणवायू खाली येतो आणि मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागा करतो. त्याला ते आठवत नाही, पण रात्रीत असं शेकडो वेळा होऊ शकतं. आठ तास खाटेवर काढूनही तो जागरण केलेलाच असतो. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. लठ्ठपणा, जाड मान (शर्टाची कॉलर 17 इंचांच्या पुढे गेली की मी कान टवकारतो), रात्रीची दारू, हे त्याचे सोबती. न दबणारं बीपी हे त्याचं एक मोठं लक्षण.

गड्याने पहिल्यांदा काय केलं? मोबाईलवर बघून नाकाला लावायची क्लिप मागवली. मग कुणीतरी रात्री नाकात तुपाचे थेंब सोडायला सांगितलं. दीड महिना त्यात गेला. शेवटी तपासणी झाली, हल्ली ती घरच्या घरी एका रात्रीत होऊ शकते, आणि आजार चांगलाच वाढलेला निघाला. त्याला हवेच्या दाबाचं यंत्र दिलं, सीपॅप म्हणतात ते. पहिले काही दिवस "हत्तीची सोंड लावून झोपू का?" म्हणून कुरकुर केली. नंतर बायकोचाच फोन आला, की घरात शांतता झालीय म्हणून उलट तिलाच झोप लागत नाही! डोकेदुखी गेली, काही महिन्यांत बीपीची एक गोळी कमी झाली. ट्रकच्या 24 व्होल्टच्या बॅटरीवर कन्व्हर्टर लावून ही यंत्रं चालतात, त्यामुळे "गाडीत लाइट कुठून आणू" ही सबब मी ऐकत नाही. यंत्र महाग आहे, हे मात्र खरं. सौम्य आजारात वजन उतरवणं, कुशीवर झोपणं आणि रात्रीची दारू सोडणं यानेही बराच फरक पडतो. तेव्हा घाबरू नका. प्रत्येक घोरणाऱ्याला सोंड लागत नाही.

धोक्याची खूण कोणती, असं मला विचारतात. जांभया आणि जड पापण्या सगळ्यांना माहीत असतात आणि त्यांना कुणी मोजत नाही. मी सांगतो त्या खुणा मोजा. मागचा टोल नाका कधी गेला हे आठवत नसेल, पांढऱ्या पट्टीवरचे उंचवटे चाकाखाली खडखडले असतील, मान एकदा जरी पुढे पडून झटक्याने वर आली असेल, विनाकारण कधी 80 कधी 45 असा वेग होत असेल, किंवा रस्त्यात नसलेलं जनावर दिसलं असेल, तर विषय संपला. "पुढच्या पंपापर्यंत" असं म्हणू नका, जी पहिली सुरक्षित जागा दिसेल तिथे थांबा. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीर स्वतःहून झोपेकडे ओढतं, कितीही झोपलेला असाल तरी. जमेल तितकं नियोजन असं करा की पहाटेचे ते तास थांबण्यात जातील. मालक ओरडेल, ओरडू दे.

थांबायचं म्हणजे हायवेच्या कडेला नव्हे. अंधारात कडेला उभ्या ट्रकवर मागून आदळलेले मोटारसायकलवाले मी पाहिलेत. पंप, ढाबा, ट्रक टर्मिनल, जिथे उजेड आहे तिथे. बिघाड झाला तर इंडिकेटर चालू ठेवून मागे बऱ्याच अंतरावर चमकणारा त्रिकोण ठेवा. आणि गाडीमागे रचलेला दगडांचा ढीग निघताना उचला की राव, तो तसाच ठेवून जाणाऱ्यांना काय म्हणावं! गाडीखाली सावलीत झोपू नका, चाकामागची वीट सरकायला किंवा दुसऱ्या कुणी गाडी हलवायला वेळ लागत नाही. काचा लावून केबिनमध्ये स्टोव्ह पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, जाग येत नाही.

शेठ मंडळीही हे वाचतात, म्हणून त्यांना दोन शब्द. मोटार वाहतूक कामगारांचा 1961 चा कायदा 2025 पर्यंत लागू होता. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास. लांब पल्ल्याला मंजुरी घेऊन वाढवले तरी दिवसाला 10 आणि आठवड्याला 54 च्या वर नव्हते. सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. कागद जुना होता आणि रस्त्यावर तो कुणी पाळला नाही, हे मलाही दिसलं. निदान गाडी भरत असताना ड्रायव्हरला पंख्याखाली चार तास पडू द्या. माल मोजायला मुनीम आहे, ताडपत्री बांधायला हमाल आहेत. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, चांगलं झालं. जुन्या गाड्यांतला माणूस मात्र अजून तव्यावरच बसलेला आहे.

आणि तुम्ही, जे पुण्या-मुंबईहून शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर रात्री दहाला पोराबाळांसकट गावाकडे गाडी काढता, "ट्राफिक नसतो" म्हणून! तुमचाही दिवस सकाळी सहाला सुरू झालेला असतो. समृद्धीसारखा 701 किलोमीटरचा सरळ, वळणं-गर्दी नसलेला रस्ता थकलेल्या डोळ्यांना आणखीच गुंगी आणतो. वरचा 17 तासांचा हिशेब तुम्हालाही लागू आहे, आणि तुमच्याकडे तर किन्नरही नाही. शेजारी बसलेलं माणूस तुमच्या आधी झोपलेलं असतं.

घोरणं, सकाळची डोकेदुखी, न दबणारं बीपी, यांपैकी काही असेल तर तपासून घ्या. येताना एकटे येऊ नका. तुमचं घोरणं तुम्ही ऐकलेलं नसतं, ज्याने ऐकलंय त्याला आणा, नाहीतर बायकोला मोबाईलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करायला सांगा. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, ती "जागरणाची" असली तरी. मी पोलीस नाही. आणि रात्रभर गाडी मारून सकाळी थेट माझ्या दारात येऊ नका. आधी झोपा, दवाखाना संध्याकाळीही उघडा असतो.