पाकिटातली तंगडी

कोल्हापुरात कोंबडी घ्यायची ती डोळ्यांदेखत. आमच्या शिवाजी पेठेतही हीच रीत. दुकानदार पिंजऱ्यातून कोंबडी काढतो, तोलतो, सोलतो आणि तुकडे करून देतो. आपण समोर उभे असतो. मांस ताजे आहे की शिळे, हे डोळ्यांना दिसते, नाकाला कळते. वाचता येणारा आणि न येणारा, दोघेही तिथे सारखेच शहाणे.

पण एका कोंबडीला तंगड्या दोनच! गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घरी चार नातवंडे जमली. प्रत्येकाला तंगडीच हवी. रविवार आला की ताटावर भांडण ठरलेले. तेव्हा आम्हाला कोणीतरी सांगितले, "गुरुजी, त्या सवलतीच्या किराणा दुकानात नुसत्या तंगड्यांची पाकिटे मिळतात. बर्फासारखी गोठवलेली असतात. स्वस्तही पडतात."

आम्ही गेलो. मोठी थंड पेटी होती. वर पाटी होती, 'आज खास सवलत'. आम्ही एक पाकीट उचलले, पैसे दिले आणि घरी आलो. चष्मा खिशात होता. तो खिशातच राहिला.

पाकीट ओट्यावर ठेवले, तोच शेजारच्या आक्का आल्या. आक्कांचे वय साठीच्या घरात. लहानपणी शाळा सुटली ती सुटलीच. आता सहा महिने झाले, त्या संध्याकाळच्या वर्गाला येतात. त्यांनी पाकीट हातात घेतले, उलटे केले आणि बोट ठेवून वाचू लागल्या.

"गुरुजी, हितं दोन तारखा हायत. ही पयली माल तयार केल्याची. ही दुसरी मुदतीची. व्हय न्हवं?"

"होय आक्का."

"मग ही दुसरी तर सरली की वो! चौथा म्हैना लिवलाय. आता पाचवा चाललाय."

आम्ही चष्मा लावला. आक्कांचे खरे होते. मुदत एप्रिलातच संपली होती. तीस वर्षे आम्ही मुलांना 'आधी वाचा, मग लिहा' असे शिकवले. आणि आमच्याच घरात येणारे पाकीट आम्ही न वाचता आणले. आमचा धाकटा नातू चार वर्षांचा. त्याच्याच ताटात ते पहिल्यांदा पडले असते.

"लाइट बिलावरची तारीख वाचाय तुमीच शिकवलं न्हवं?" आक्का म्हणाल्या. आम्ही काय बोलणार?

आम्ही पाकीट आणि पावती घेऊन तसेच दुकानात गेलो. पाकीट परत घेतले गेले. मग चष्मा लावून, नीट वाचून, दुसरे पाकीट आणले. त्या दिवशी जे शिकलो, ते तुम्हाला सांगतो.

मांस का गोठवतात?

मांस नासते ते डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जंतूंमुळे. कडक थंडीत हे जंतू वाढत नाहीत. पण लक्षात ठेवा, ते मरतही नाहीत. नुसते निजतात. मांस वितळले की पुन्हा जागे होतात.

गोठवण्याचीही एक रीत आहे. मांस हळूहळू गोठले तर त्यात बर्फाचे मोठे खडे होतात. ते मांसाच्या पेशी फोडतात. वितळताना पाणी गळते आणि मांस चोथट होते. झटपट गोठवले तर खडे बारीक होतात आणि मांस चांगले राहते. क्लॅरेन्स बर्डसाय नावाच्या अमेरिकन माणसाने हे कॅनडातल्या लॅब्राडोर या अतिथंड मुलुखात पाहिले. तिथल्या लोकांनी पकडलेली मासळी बोचऱ्या वाऱ्यात लगेच गोठून जाई, आणि काही महिन्यांनी शिजवली तरी ताजी लागे. त्यावरून त्याने झटपट गोठवण्याची यंत्रे केली. १९३० साली अमेरिकेत त्याचा गोठवलेला माल दुकानांत विकायला आला.

पाकिटावर काय वाचावे?

गोठलेल्या मांसाला वास येत नाही. ते दाबून पाहता येत नाही. इथे नाक उपयोगाचे नाही, अक्षरेच उपयोगाची. म्हणून पुढील गोष्टी वाचा.

१. माल तयार केल्याची तारीख आणि मुदतीची तारीख. आकडे बहुधा इंग्रजी असतात. आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. ते ओळखायला शिका.

२. किती थंडीत ठेवावे. गोठवलेल्या मांसासाठी उणे १८ अंश किंवा त्याहून थंड असे लिहिलेले असते.

३. वजन आणि कमाल किंमत. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका.

४. अन्न परवान्याचा क्रमांक. तो १४ आकडी असतो.

५. खूण. चौकोनात तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. चौकोनात हिरवा गोल म्हणजे शाकाहारी.

वाचून झाले की पाकीट हाताने चाचपा. तंगड्या सुट्या वाजल्या पाहिजेत. सगळ्यांचा एकच गोळा झाला असेल आणि तळाशी बर्फ साठला असेल, तर ते पाकीट मध्येच वितळून पुन्हा गोठले आहे असे समजा. तारीख चांगली असली तरी घेऊ नका.

स्वस्त खरेच स्वस्त का?

सवलत दिसली की आधी विचारा, 'का?' कधी माल जास्त आलेला असतो. कधी मुदत जवळ आलेली असते. जवळ आलेली मुदत चालेल, पण त्याच आठवड्यात खाऊन संपवा. संपलेली मुदत चालणार नाही.

आता हिशेब करू. समजा, १ किलोचे पाकीट २६० रुपयांना मिळाले. वितळल्यावर त्यातून १०० ग्रॅम पाणी निघाले. म्हणजे माल मिळाला ९०० ग्रॅम. मग किलोचा खरा भाव झाला सुमारे २८९ रुपये. कोपऱ्यावरच्या दुकानात तोच माल २८० रुपयांना असेल, तर स्वस्त कोणते?

घरी काय करावे?

पाकीट खरेदीच्या शेवटी घ्या आणि सरळ घरी या. रस्त्यात गप्पा मारत उभे राहू नका. आदल्या रात्री पाकीट खोलगट भांड्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर उघड्यावर वितळू देऊ नका. बाहेरचा भाग गरम होऊन तिथे जंतू वाढू लागतात, आणि आत बर्फ तसाच असतो. घाई असेल तर बंद पाकीट गार पाण्यात ठेवा, अर्ध्या अर्ध्या तासाने पाणी बदला आणि लगेच शिजवा. एकदा वितळलेले कच्चे मांस पुन्हा गोठवू नका.

नळाखाली जोरात धुऊ नका. शिंतोडे उडून शेजारची कोथिंबीर आणि भांडी खराब होतात. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट साबणाने धुवा. हातही धुवा.

आमच्या घरच्यांनी तंगड्यांना खाचा पाडल्या. हळद, मीठ, आले-लसूण, दही आणि कांदा-लसूण चटणी लावून तासभर फ्रीजमध्ये ठेवले. मग मंद आचेवर झाकण ठेवून शिजवले. शिजले की नाही ते हाडाजवळ सुरी टोचून पाहावे. रस स्वच्छ आला पाहिजे, लाल नको. गोठवलेल्या कोंबडीचे हाड कधी कधी काळपट दिसते. हाडातला रंग बाहेर आलेला असतो. मांस पुरते शिजले असेल तर घाबरू नये.

चव कशी होती? खरे सांगतो. भाजलेली तंगडी बरी लागली. नातवंडांनी हाडे चाटून पुसून टाकली. भांडण झाले नाही. पण दुसऱ्या पाकिटाचा पांढरा रस्सा केला, तो पाणचट झाला. रश्शाला डोळ्यांदेखत कापलेली कोंबडीच बरी.

मुदत संपली असेल तर?

मुदत सरलेले प्रत्येक पाकीट विषारी असते असे नाही. पण लहान मुले आणि म्हातारी माणसे यांच्या पोटावर प्रयोग कशाला? २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे मुदत संपलेला खाद्यमाल विकल्यास विक्रेता जबाबदार धरला जातो. पावती जपा. माल परत द्या. दुकानदाराने ऐकले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर फोन करा. भांडायला नको, पण गप्पही बसायला नको.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. तरीही आक्कांसारख्या कितीजणींची पाटी कोरी राहिली. ती आता भरते आहे. आता आम्ही बाजाराला निघालो की आक्का दारातून हाक मारतात, "गुरुजी, चष्मा घेतलासा न्हवं?"

प्रश्न

१. गोठलेले मांस नाकाने का पारखता येत नाही?

२. पाकिटातल्या तंगड्यांचा एकच गोळा झाला असेल तर काय समजावे?

३. ५०० ग्रॅमचे पाकीट १४० रुपयांना आहे. वितळल्यावर माल ४५० ग्रॅम भरला. किलोचा खरा भाव काढा.

४. आज घरातले कोणतेही एक पाकीट घ्या. त्यावरच्या दोन्ही तारखा वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.