जुन्या गॅस ब्रूडरला थर्मोस्टॅट जोडताना घ्यावयाची दक्षता

(कृषि अधिकारी, नागपूर)

विदर्भाचा उन्हाळा सर्वांस ठाऊक आहे; परंतु येथील थंडीही तितकीच कडक असते. नागपूर येथे २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सियसपर्यंत उतरले होते. अशा रात्री एक दिवसाच्या पिल्लांस सुमारे ३५ अंशांची ऊब पुरवावी लागते. त्या वयात पिल्लाच्या अंगावर केवळ लव असते व स्वतःच्या शरीराची उष्णता राखण्याची शक्ती त्यास पहिले काही दिवस नसते. विजेचा भरवसा नसल्यामुळे अनेक कुक्कुटपालक गॅसचा ब्रूडर वापरतात.

जुन्या ब्रूडरांपैकी पुष्कळ ब्रूडर हाताने चालवावयाचे असतात. रात्री दोन-तीन वेळा उठून चावी कमीजास्त करावी लागते. राखणदारास झोप लागली, तर पहाटेच्या गारठ्यात पिल्ले एकमेकांवर चढून दबून मरतात. उलट चावी मोठी राहिली, तर ती उष्णतेने धापा टाकू लागतात आणि गॅसही व्यर्थ जातो. ह्यास्तव ब्रूडरला थर्मोस्टॅट बसवावा, हा विचार योग्यच आहे. मात्र तो चुकीच्या रीतीने बसविल्यास पिल्लांच्याच नव्हे, तर घरधन्याच्या जिवावरही बेतू शकते.

धोका कोठे आहे?

थर्मोस्टॅटास उष्णता कळते. ज्योत पेटलेली आहे की विझलेली, हे त्यास कळत नाही. वाऱ्याच्या झोताने ज्योत विझली, असे समजा. घर थंड होऊ लागते. ऊब कमी पडत आहे असे समजून थर्मोस्टॅट गॅसचा मार्ग अधिकच मोकळा करतो आणि न जळलेला गॅस घरात साठू लागतो. हा गॅस हवेच्या सुमारे दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळे वर निघून न जाता तुसाच्या गादीवर पसरतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा सुमारे दोन झाले, की एखादी ठिणगी पुरते.

काही ठिकाणी अंडी उबविण्याच्या यंत्राचा थर्मोस्टॅट आणून, त्यास विजेवर उघडमीट करणारी झडप जोडतात व ती झडप रबरी नळीत बसवितात. ही पद्धत सर्वथा वर्ज्य समजावी. झडप मिटली की ज्योत विझते. ती पुन्हा उघडते तेव्हा गॅस पेटविणारे तेथे कोणी नसते. वीज जाऊन परत आली तरी हेच घडते. शिवाय पाण्यासाठी केलेल्या झडपेतील रबर गॅसमुळे फुगून गळती होण्याचा संभव असतो.

ज्योतरक्षक

ह्यावरील उपाय म्हणजे ज्योतरक्षक झडप. तिच्यात दोन निरनिराळ्या धातूंचा सांधा असलेली एक कांडी ज्योतीत धरलेली असते. हा सांधा तापला की अत्यल्प विद्युत् निर्माण होते व तेवढ्या बळावर एक लहान विद्युत्-चुंबक झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली की कांडी निवते, चुंबकाचे बळ जाते आणि झडप आपोआप मिटते. ह्यास बाहेरील विजेची गरज नसते. ती झडप माणसाने हाताने दाबून पेटविल्याखेरीज पुन्हा उघडत नाही, हाच तिचा मोठा गुण होय. ज्योतरक्षक नसलेल्या ब्रूडरास थर्मोस्टॅट कदापि जोडू नये.

कोणता ब्रूडर सुधारण्याजोगा आहे?

१. ज्या ब्रूडरवर कारखान्याची पाटी शाबूत आहे व ज्याच्या निर्मात्याकडे त्याच नमुन्यासाठी ज्योतरक्षकासह थर्मोस्टॅट मिळतो, तोच सुधारावा. अशा जोडणीत थर्मोस्टॅट ज्योत पूर्ण न विझविता ती केवळ मंद करतो, किंवा एक लहान पायलट ज्योत अखंड तेवत ठेवतो.

२. पाटी नाही, बर्नरची जाळी अथवा चिनी मातीची तबकडी फुटली आहे, ज्योत पिवळी व काजळी धरणारी आहे, असा ब्रूडर मोडीत काढावा.

३. ब्रूडर चांगला आहे, परंतु योग्य भाग मिळत नाही, तर त्याच्या गॅसमार्गास हात लावू नये. पिल्लांच्या उंचीवर तापमापक टांगावा आणि ठरावीक अंशांच्या खाली अथवा वर गेल्यास घंटा वाजविणारे बॅटरीवरील यंत्र बसवावे. राखणदार जागा झाला, की चावी तो स्वतः फिरवील.

जोडणीचा क्रम

जोडणी निर्मात्याच्या अथवा गॅस वितरकाच्या जाणत्या कारागिराकडूनच करवावी. पुढील गोष्टी मालकाने समक्ष पाहाव्यात.

१. काम घरात पिल्ले नसताना, दारे-पडदे उघडून व सिलिंडर बंद करून करावे.

२. रेग्युलेटर, थर्मोस्टॅट व बर्नर ही तिन्ही एकाच दाबाची असावीत. जुनी रबरी नळी त्याच वेळी बदलावी. ह्या कामी घरगुती सिलिंडर वापरणे नियमबाह्य आहे. १९ किलोचा व्यापारी सिलिंडर घ्यावा आणि तो घराबाहेर, सावलीत, उभा ठेवावा.

३. थर्मोस्टॅटाची कांडी पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर, छत्रीच्या कडेशी ठेवावी. तिला ज्योतीची थेट धग किंवा दारातील वारा लागू नये.

४. प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात काय, ते पाहावे. काडी ओढून गळती कधीही शोधू नये.

५. शेवटी ज्योत मुद्दाम विझवावी. साधारणतः एका मिनिटाच्या आत झडप मिटल्याचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. न आल्यास सिलिंडर बंद करावा व ब्रूडर वापरू नये. ही परीक्षा पिल्लांच्या प्रत्येक नव्या तुकडीपूर्वी करावी.

६. त्यानंतर रिकाम्या घरात ब्रूडर एक दिवस व एक रात्र चालवून पाहावा.

पहिल्या आठवड्यास ३५ अंश ठेवून पुढे दर आठवड्यास सुमारे ३ अंश उतरवावेत. यंत्र काहीही दाखवो, पिल्लांकडे पाहण्यास विसरू नये. पिल्ले छत्रीखाली घोळका करून ओरडत असतील तर ऊब अपुरी आहे. दूर पळून चोची उघडीत असतील तर अधिक आहे. सर्वत्र सारखी पसरली असतील तर ठीक आहे.

हवा व राखणदार

गॅस वाचविण्यासाठी सर्व बाजूंनी ताडपत्री घट्ट लावणे घातक आहे. हवा अपुरी पडली की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसास तो जागे होऊ देत नाही. म्हणून पडद्यांची वरची वीतभर जागा नेहमी मोकळी ठेवावी आणि राखणदाराने अथवा त्याच्या मुलाबाळांनी ब्रूडरच्या घरात झोपू नये, मग थंडी कितीही असो. थर्मोस्टॅट बसविल्यानंतर ऊब आपोआप राखली जाते, असे मानून तेथे अंथरूण टाकण्याचा मोह वाढतो. त्याविषयी विशेष सावध असावे.

गॅसचा वास आल्यास दिवा लावू अथवा मालवू नये. बाहेरून सिलिंडर बंद करावा, सर्वांस दूर न्यावे, मोकळ्या जागेतून १९०६ ह्या क्रमांकावर कळवावे.

सिलिंडरांच्या सुरक्षिततेचे नियमन करणाऱ्या केंद्रीय पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ अन्वये १०० किलोंपेक्षा अधिक गॅस साठविण्यास परवाना लागतो, हे मोठ्या कुक्कुटपालकांनी ध्यानात ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी थंडीपूर्वी आपल्या क्षेत्रातील प्रत्येक गॅस ब्रूडर पाहून घ्यावा व मालकास एवढेच विचारावे: ज्योत विझली तर गॅस कोण बंद करील? ह्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून थर्मोस्टॅटाची शिफारस करू नये.